गाडी केव्हा तापते?

जुनी गाडी तापायला लागली की मालक मिस्त्रीला विचारतो, "काय खराब झालंय?" मग एक जण रेडिएटरकडे बोट दाखवतो, दुसरा वॉटर पंपाकडे, तिसरा थेट हेड उतरवायला सांगतो. तिघांकडेही बऱ्या झालेल्या गाड्यांची उदाहरणं असतात, त्यामुळे कोणाचं ऐकावं हे कळत नाही. भाग बदलत जातात, पैसे जात राहतात आणि काटा पुन्हा लाल पट्ट्याला लागतो. माझं म्हणणं असं की "काय" हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायला हवं, गाडी केव्हा तापते? उभी असताना की धावताना? सकाळी सुरू केल्याबरोबर की तासाभराने? चढावर की सपाटीवर? याची उत्तरं प्रामाणिकपणे गोळा केली तर बहुतेक वेळा हत्यार हातात घेण्याआधीच दोषाची जागा कळते. असं का होतं, ते इथे सावकाश मांडतो.

बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातून निघणाऱ्या जुन्या जीपचं उदाहरण घेऊ. डिझेलची, पंचवीस-तीस वर्षं चाललेली, महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं एक्सडीपी 4.90 हे 2112 सीसीचं इंजिन असलेली. असं इंजिन जोर लावतं तेव्हा जळलेल्या डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा चाकाकडे जातो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यात उतरतो. आकड्यात सांगायचं तर चढावर पूर्ण ताकदीने ओढताना पाण्याला 30 किलोवॉटच्या आसपास उष्णता मिळते. घरातले 2 किलोवॉटचे 15 गिझर एकदम चालू ठेवावेत एवढी. ही सगळी उष्णता जितक्या वेगाने तयार होते तितक्याच वेगाने बाहेर टाकली गेली तर काटा मध्यावर स्थिर राहतो. टाकण्याचा वेग थोडाही मागे पडला की काटा चढू लागतो.

म्हणून काट्याकडे पाहताना हे लक्षात ठेवावं, की तो मिळकत आणि खर्च यांतली तफावत दाखवतो. थांबलेल्या गाडीत मिळकत कमी असते, चढावर भरपूर. खर्च मात्र दोन टप्प्यांत होतो: आधी लोखंडातून पाण्यात, मग पाण्यातून हवेत. पहिल्या टप्प्यात ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा, पंप आणि थर्मोस्टॅट काम करतात. दुसऱ्यात रेडिएटरची जाळी, पंखा आणि वारा. यातला प्रत्येक भाग दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी कसाला लागतो. पंख्याची परीक्षा गाडी उभी असताना होते, जाळीची चढावर, रेडिएटरच्या झाकणाची गाडी बंद केल्यावर. आणि ज्याची परीक्षा होते तोच नापास होतो. "केव्हा" या प्रश्नाचं सगळं बळ यात आहे.

शनवाऱ्याच्या गर्दीत किंवा केळीच्या गाड्यांच्या रांगेत गाडी उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर येताच उतरतो, असं समजा. वेग घेतल्यावर समोरून येणारा वारा जाळीतून आपोआप जातो. थांबल्यावर तो ओढून आणायचं काम एकट्या पंख्याचं. म्हणजे पंप, पाणी, हेड या सगळ्यांना तूर्त सोडून द्या आणि पंख्यापाशी जा. पट्टा ढिला किंवा चकचकीत झालेला असेल. पात्याचा तुकडा गेलेला असेल. मागे कधी काम करताना कोणी पंखा उलटा बसवला असेल. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं. काम करताना आड येतं म्हणून ते काढून ठेवतात आणि परत बसवायचं राहून जातं. कडं नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आपल्याच कडेची हवा घुसळत राहतो. फिरताना तो अगदी चांगला दिसतो, म्हणून कोणाला संशय येत नाही.

आता याच्या उलट पाहा. गावात कितीही फिरवा, काटा हलत नाही. पण इंदूर-इच्छापूर रस्त्याने उत्तरेला असीरगडच्या चढाला लागलं, मागे सात-आठ माणसं आणि सामान असलं, की तो चढू लागतो. वारा भरपूर आहे, म्हणजे पंख्याला दोष देता येत नाही. इथे मिळकत वाढली आहे आणि खर्चाची वाट अरुंद आहे. एक तर पाणी पुरेसं फिरत नाही, नाही तर फिरलेलं पाणी जाळीत उष्णता सोडत नाही. या दोहोंतला फरक ओळखायला वरचा आणि खालचा होज पाईप पुरेसा आहे. इंजिन मिनिटाला 60 लिटर पाणी फिरवत असेल तर 30 किलोवॉट उष्णता वाहून नेताना ते पाणी जाळीतून जाताना साधारण 7 अंश थंड होतं. वरचा पाईप रसरशीत तापलेला आणि खालचा त्या मानाने खूपच थंड असेल, तर पाणी हळू चाललंय: थर्मोस्टॅट नीट उघडत नसेल, जाळीच्या नळ्या तुंबल्या असतील, पंपाची पाती गंजून झिजली असतील. दोन्ही पाईप जवळजवळ सारखेच तापलेले असतील, तर पाणी येऊन जातंय पण हवेला काही देत नाही. म्हणजे जाळी बाहेरून बुजली आहे. दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक आता महाग राहिलेली नाही. ती चकचकीत पितळेवर धरू नका, खोटा आकडा येतो. काळ्या रबरी पाईपवर धरा.

बाहेरून बुजलेली जाळी हा आमच्या भागातला खास रोग. बऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव, आसपास कापूस आणि केळी. सुताचा भुगा, कापसाचं पिंजण, शेतरस्त्याची धूळ आणि इंजिनाच्या तेलाचा हलका थर, एवढं जाळीच्या पापुद्र्यांत मिळून बसलं की नमदा तयार होतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, नमदा आतल्या बाजूला असतो. म्हणून पाण्याचा फवारा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावा, समोरून आत नव्हे, आणि जोर बेताचा ठेवावा, नाही तर पापुद्रे वाकून वाट कायमची बंद होते. जाळीचं मोल तिच्या इतिहासातून कळतं. 1901 साली अभियंता विल्हेल्म मायबाखने मर्सिडीज 35 एचपी या गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर बनवला. त्यात 8070 बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि गाडीला लागणारं पाणी 9 लिटरपर्यंत खाली आलं. त्याआधीच्या गाड्या अवजड टाक्या घेऊन फिरत. मायबाखने पाणी कमी केलं आणि हवेला लागणारा पृष्ठभाग वाढवला. रेडिएटरची सगळी करामत या पृष्ठभागात आहे, आणि तो बुजवल्यावर कितीही पाणी ओतून काही मिळत नाही.

चढावर तापणाऱ्या गाडीतला आणखी एक दोष इंजिनाचे फेरे कमी असताना कधीच दिसत नाही, म्हणून तो वेगळा सांगतो. खालचा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. इंजिनाचे फेरे वाढले की पंप त्यातून जोराने पाणी ओढतो आणि जुनं, मऊ पडलेलं रबर आत चिकटून बसतं. हे होऊ नये म्हणून बऱ्याच गाड्यांत पाईपच्या आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली किंवा नवा पाईप टाकताना जुन्याबरोबर फेकली गेली, तर रस्त्यावर पाणी तुटतं आणि मिस्त्रीच्या दारात पोचेपर्यंत पाईप पुन्हा गुबगुबीत होतो. बॉनेट उघडं ठेवून, हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवून, इंजिनाचे फेरे चढवायला सांगा आणि खालच्या पाईपकडे पाहत राहा.

तिसरी वेळ सकाळची. रात्रभर थंड पडलेली गाडी सुरू केली आणि मिनिटाभरात वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, तर हे वाफेचं काम नव्हे, कारण पाणी अजून तापलेलंच नाही. दाब दुसरीकडून येतोय: हेड गॅस्केटमधून सिलिंडरातली हवा पाण्याच्या वाटेत घुसते आहे. थंड इंजिनावर झाकण काढून सुरू केलं तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड्यांची न थांबणारी माळ दिसते. तेलाच्या कांडीवर दुधट साय, एक्झॉस्टमधून पांढरा धूर, ही पुढची लक्षणं. ती दिसायची वाट पाहू नये. बऱ्याचदा गॅस्केट हा मूळ आजार नसतो. आधी कधी तरी गाडी बेदम तापली, हेड किंचित वाकलं आणि गॅस्केटने नंतर साथ सोडली. म्हणून नुसतं गॅस्केट बदलून हेड परत बसवणं हा अर्धा उपाय. हेडचं फेसिंग तपासून घ्या आणि मुळात गाडी का तापली होती तेही शोधा.

गाडी बंद केल्यानंतर पाणी फेकत असेल तर झाकण पाहा. इंजिन थांबताच पंप आणि पंखा थांबतात, पण लोखंडात साठलेली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि पाणी काही मिनिटं आणखी तापतं. झाकणाची स्प्रिंग दाब धरून ठेवते म्हणून ते उकळत नाही. समुद्रसपाटीला 100 अंशाला उकळणारं पाणी 1 बार जादा दाबाखाली 120 अंशापर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर वाळलं की हे संरक्षण जातं. याच कारणाने गरम गाडीचं झाकण उघडणं जीवघेणं ठरतं: दाब सुटला की आतलं पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, बिडाला तडा जातो.

आता वर्षाची वेळ. "गाडी बाकी वर्षभर ठीक असते, फक्त मे महिन्यात तापते" हे वाक्य आमच्याकडे इतकं ऐकू येतं की लोक ते उन्हाळ्यावर सोडून देतात. त्यात पुरतं तथ्य नाही. जाळी हवेला किती उष्णता देते हे पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशाला आहे असं धरा. जानेवारीत हवा 20 अंश असेल तर फरक 70. मे महिन्यात हवा 45 अंश असेल तर फरकही 45. म्हणजे तीच जाळी उन्हाळ्यात हिवाळ्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी काम करते. गाडी बनवणाऱ्याने ही तूट गृहीत धरून जाळी मोठी ठेवलेली असते. ती एक तृतीयांश बुजली तरी थंडीत काही जाणवत नाही, राखीव ताकद खर्च होत राहते. मे येतो आणि राखीव संपलेली असते. दोष उन्हाळ्यात जन्मत नाही, तेव्हा फक्त उघडा पडतो.

ही राखीव ताकद आतून कोण खातं? आमच्या पाण्यातला चुना. बऱ्हाणपूरकराला तो समजावून सांगावा लागू नये. 1615 साली मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली सातपुड्याच्या टेकड्यांत मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं गेलं. त्या बोगद्यांपैकी कुंडी भंडारा आजही पाणी देतो; मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत त्याचं नाव आलं. खाली उतरून पाहिलं तर बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा थर चढलेला दिसतो. खडकातून येताना पाण्यात विरघळलेला चुना, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की विरघळलेला राहू शकत नाही आणि भिंतीला बसतो. बोगद्यात हे शतकानुशतकं हळूहळू चालतं. इंजिनात उष्णता तेच काम झपाट्याने करते. शिवाय पाणी जितकं गरम, तितका हा चुना त्यात कमी विरघळतो. म्हणून तो सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे लोखंड सगळ्यात तापलेलं, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, तिथे आधी बसतो. थंडाव्याची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच त्याचा थर सर्वांत जाड. हा थर उष्णता बिडाच्या मानाने साधारण विसाव्या हिश्श्याने वाहून नेतो, म्हणजे 1 मिलिमीटर थर हा 2 सेंटिमीटर जादा लोखंडासारखा आड येतो.

इथे एक हिशेब करून पाहू, कारण त्यातून निघणारी गोष्ट मला या साऱ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोअरच्या पाण्यात लिटरमागे 400 मिलिग्रॅम चुना आहे असं धरू. गाडीत एकदा 9 लिटर पाणी भरलं, तर सगळा चुना खाली बसला तरी तो भरतो 3.6 ग्रॅम. एवढ्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. पण रोज सकाळी लिटरभर पाणी टाकावं लागत असेल, तर वर्षाला 365 लिटर पाणी आणि त्यातून 146 ग्रॅम चुना आत जातो. पाणी वाफ होऊन किंवा ठिबकून बाहेर जातं. चुन्याचा मोठा वाटा आत राहतो. म्हणजे खरा शत्रू जड पाणी एवढाच नाही, तर रोजची भर. आणि भर का घालावी लागते? कुठे तरी गळती आहे म्हणून: क्लिप सैल, पंपाचं सील गेलेलं, झाकण निकामी. शंभर-दोनशे रुपयांची गळती "रोज थोडं पाणी टाकलं की चालतं" म्हणून पोसली जाते आणि दोन-तीन वर्षांत ती हेड उतरवायला लावते. निरोगी गाडी पाणी पीत नाही. पीत असेल तर ती तापत नसली तरी आजारी आहे, असंच समजावं.

पाण्याची निवड त्यानंतरची गोष्ट. बॅटरीचं पाणी किंवा आरओ यंत्रातून निघालेलं शुद्ध पाणी घ्या. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडीत टाकणारे अनेक जण मी पाहिलेत. त्या पाण्यात चुना नळाच्या पाण्याहून जास्त असतो, ते इंजिनाला मुळीच चालत नाही. सोबत कूलंट हवंच, फक्त उत्कलनबिंदू वाढवायला नव्हे. त्यातली रसायनं गंज आणि पंपाची झीज थांबवतात. पण निव्वळ कूलंट ओतणंही चूक, कारण उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी त्याच्याहून सरस आहे. डब्यावर दिलेलं प्रमाण पाळा. साचलेला चुना काढायला सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण पुरतं, नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढायचं. संडास धुण्याचं तेजाब कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते चुन्याबरोबर सोल्डरचे डाग आणि ॲल्युमिनियमही खातं. जुन्या पितळी रेडिएटरचं एक सुख आहे: टाकी उकलून नळ्यांत पट्टी घालून साफ करता येतात. नव्या प्लॅस्टिकच्या टाकीवाल्या रेडिएटरला ही सोय नाही. तेव्हा जुना पितळी रेडिएटर भंगारात देऊन नवा हलका घेण्याची घाई करू नये.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल माझं मत ठाम आहे. "आपल्याकडे एवढं ऊन, याची गरज काय" असं म्हणून तो काढतात. तो 82 अंशाच्या आसपास उघडू लागतो, म्हणजे गाडी तापल्यावर तो आडवा येतच नाही. अडकलेला असेल तर नवा बसवा, उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते पाहता येतं. काही इंजिनांत तो उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, गरम पाण्याचा काही भाग न थंडावता परत इंजिनात जातो आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. तापत नसली तरी डिझेल इंजिन थंड चालून जास्त झिजतं.

शेवटी काट्याविषयी एक इशारा. काटा चढत चढत जाऊन एकाएकी खाली पडला, तर आनंद मानू नका. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी निघून गेलं की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि कमी तापमान दाखवतो. इंजिन त्याच क्षणी सगळ्यात मोठ्या धोक्यात असतं. ताबडतोब बाजूला घ्या आणि बंद करा.

मिस्त्रीकडे जाण्याआधी कागदावर एवढं लिहून न्या: उभी असताना तापते की धावताना, सुरू केल्यापासून किती वेळाने, बंद केल्यावर पाणी फेकते का, सकाळी पाईप मऊ असतो की कडक, आणि आठवड्याला किती पाणी टाकावं लागतं. हे हातात आलं की चांगला मिस्त्री भाग बदलत बसत नाही, थेट त्या जागी हात घालतो. आणि मे महिन्याची वाट पाहू नका. रेडिएटर जानेवारीतच उतरवून आतबाहेरून साफ करून घ्या.